हात सोडणारी चांगुमावशी

"तुमची पोरगी सुटली. उद्यापासून मी तिची न्हाय," असं चांगुमावशी आमच्या दारात उभी राहून म्हणाली, तेव्हा मुग्धा सात वर्षांची होती, दुसरीत होती, आणि माझ्या मते अजून जेमतेम जन्मलेली होती.

'सुटली' हा चांगुमावशीचा खास शब्द. मुलांची शाळेत ने-आण करणं हा तिचा धंदा. भाईंदर पूर्वेला, आमच्या गोडदेवच्या बाजूला, अशा ने-आण करणाऱ्या बायका तेव्हा पुष्कळ होत्या. आई-बाप दोघंही उजाडता मुंबईच्या दिशेने पळायचे आणि मागे राहिलेली पोरं या बायकांच्या ताब्यात जायची. एकेका हाताला तीन-तीन पोरं, खांद्यावर चार दप्तरं, गळ्यात पाण्याच्या बाटल्या, असा त्यांचा थाट असे. एकदा मूल हाताशी आलं की पाच-सात वर्षं तरी त्या ते सोडत नसत. चांगुमावशी मात्र मूल हाती आल्या दिवसापासून ते हातातून कसं जाईल याच्याच मागे असायची. ते एकटं शाळेत जाऊ-येऊ लागलं, की दारात येऊन 'सुटला' किंवा 'सुटली' असं सांगायची आणि त्या घरचं काम आपणहून बंद करायची. स्वतःच्याच पोटावर असा ठरवून पाय देणारं दुसरं माणूस मी तरी पाहिलेलं नाही.

आम्ही गिरगावातली दहा बाय बाराची खोली विकून भाईंदरला आलो, ते दोन हजार सालाच्या आगेमागे. मी विमा कंपनीत, क्लेमच्या खात्यात. माझ्या टेबलावर दिवसभर हात मोडलेली, पाय मोडलेली, जिन्यावरून पडलेली, रस्ता ओलांडताना उडवलेली माणसं कागदावरून यायची. तुम्हा-आम्हाला रस्ता म्हणजे रस्ता दिसतो, मला तिथे फॉर्म दिसायचे. घरात चौथ्या मजल्यावर सगळ्या खिडक्यांना मी दुहेरी ग्रिल लावून घेतलं होतं. साधना, माझी बायको, म्हणायची, "बाहेरचा कोणी आत येणार नाही हे खरं, पण आपण तरी बाहेर कधी पडायचं?" ती बँकेत होती आणि तिला माझ्या भीतीची सवय झाली होती. मुग्धाला शाळेत कोण पोचवणार हा प्रश्न आला, तेव्हा मी गोडदेवात विचारत फिरलो, की इथली सगळ्यात भरवशाची बाई कोण? ज्याला ज्याला विचारलं त्यानं एकच नाव सांगितलं. ती मुलं सोडून देते हे मात्र कुणी सांगितलं नाही.

चांगुणा तिचं नाव. गोडदेव गावठाणातली, बापजाद्यांपासून मासे मारणाऱ्यांच्या घरातली. वय पंचावन्नच्या पुढे, अंगाने काटक, लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट आवळून नेसलेलं, अंबाड्यात रोजचं एक अबोलीचं फूल. चालायची झपाझप. बोलायची मोजकं. पहिल्या दिवशी मी तिला सूचनांची यादी लिहून दिली होती. रस्ता कुठून ओलांडायचा, कुत्र्यांपासून कसं सांभाळायचं, सरबतवाल्याकडे थांबू द्यायचं नाही, वगैरे. तिने कागद उलटसुलट करून पाहिला आणि मुग्धाच्या हातात दिला.

"ही वाचल. रस्त्यानं हिला जायचंय," म्हणाली.

मुग्धाला अजून 'रस्ता' हा शब्दही धड लिहिता येत नव्हता.

तिची रीत ठरलेली होती. पहिले पंधरा दिवस मुलाचा हात धरायची. पुढचे पंधरा दिवस फक्त शेजारून चालायची. मग दहा पावलं मागून, मग रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने, मग नुसती वाटेतल्या मोठ्या नवघर रोडच्या अलीकडे उभी राहून. दप्तर तिने कधी कुणाचं उचललं नाही. "तुझी पाठ हाय, तुझं दप्तर हाय." मूल पडलं तर धावायची नाही. जागीच थांबायची आणि तोंड दुसरीकडे फिरवायची. मूल आपलं आपण उठून, गुडघा झटकून आलं की पुन्हा चालू. 'पडशील', 'मरशील', 'बागुलबुवा येईल' हे शब्द तिच्या तोंडी मी कधी ऐकले नाहीत. रस्त्यात काही आडवं आलं तर एकच शब्द: "बघ." आणि मूल बघायचं. आम्ही दिवसाला शंभर वेळा 'सांभाळून, सांभाळून' करायचो, तेव्हा मुग्धा कधी मान वर करून बघायचीसुद्धा नाही.

सगळ्यात नवल वाटायचं ते तिच्या ओळखी करून देण्याचं. आमच्या बिल्डिंगपासून शाळेपर्यंत बारा मिनिटांची वाट. या वाटेवर यादवची पिठाची गिरणी, रफिकभाई टेलरचं दुकान, एक केमिस्ट, एक इस्त्रीवाला आणि सायकल दुरुस्तीवाला. नवीन मूल आलं, की पहिल्या आठवड्यात मावशी त्याला या पाची ठिकाणी घेऊन जायची आणि फळीपुढे उभं करायची. स्वतः एक शब्द बोलायची नाही. मुलानंच सांगायचं. मुग्धा घरी येऊन आम्हाला करून दाखवायची. छाती पुढे काढून, हात बाजूला ताठ धरून: "माझं नाव मुग्धा. मी पहिलीत आहे. मी रोज इथून जाणार." मग दुकानदारानं आपलं नाव सांगायचं, मुलानं ते परत म्हणून दाखवायचं, आणि झालं. लग्नकार्यात सोयऱ्यांची भेट घालून देतात तसा सगळा गंभीर प्रकार.

मी तिला एकदा म्हटलं, "मावशी, आम्ही मुलांना शिकवतो की अनोळखी माणसाशी बोलायचं नाही."

"बरोबर हाय," ती म्हणाली. "पन रोजच्या वाटंवर मानूस अनोळखी ऱ्हाऊच कशाला द्यायचा?"

 

ती भोळी होती असं मात्र कुणी समजू नये. कुणी खाऊ पुढे केला, कुणी 'तुझ्या आईनं बोलावलंय' म्हणालं, कुणी हात धरला, तर काय करायचं याची ती रीतसर तालीम घ्यायची. शाळेमागच्या मैदानात पोरांना उभं करायची आणि प्रत्येकाला ओरडायला लावायची. साधं ओरडणं चालायचं नाही. "पोटातनं काढ. गल्यातलं कोन ऐकनार?" मुग्धा लाजरी, तिचा आवाज काही निघेना. मावशीनं तिला घरी सराव करायला सांगितलं. रविवारी सकाळी मी दाढी करत असताना आतल्या खोलीतून अशी किंकाळी आली, की माझ्या गालावर या इथून इथपर्यंत कापलं. समोरच्या दोन बिल्डिंगा गॅलरीत आल्या. वॉचमन काठी घेऊन चार मजले चढून आला. सोमवारी मुग्धानं ही हकिकत मावशीला सांगितली तेव्हा मावशी म्हणाली, "पास."

आणखी एक मिठागराचं प्रकरण. मुलं चांगली तयार झाली, की रोज एक जण पुढारी व्हायचा. त्यानं पुढे चालायचं, बाकीच्यांनी आणि मावशीनं मागून. एके दिवशी श्रुती नावाची तिसरीतली मुलगी पुढारी होती आणि बोलण्याच्या नादात तिचं वळण चुकलं. मावशीनं चकार शब्द काढला नाही. सगळी वरात श्रुतीच्या मागून चालत राहिली. दुकानं संपली, बिल्डिंगा संपल्या, आणि पोरं थेट मिठागराच्या बांधावर जाऊन उभी राहिली. समोर मिठाचे पांढरे ढीग आणि पलीकडे खाडी. श्रुती रडायला लागली. मावशी बांधावर निवांत बसली. शेवटी श्रुतीनंच डोळे पुसून तिथल्या एका कामगाराला वाट विचारली आणि सगळ्यांना परत आणलं. शाळेत पोचायला तासभर उशीर झाला. बाईंनी विचारलं, तेव्हा मावशीनं शांतपणे सांगितलं, "आज पोरं रस्ता चुकायला शिकली." श्रुतीच्या आईनं संध्याकाळी आकांडतांडव केलं. पण त्या दिवसापासून श्रुतीची चाल बदलली हे तिलाही कबूल करावं लागलं.

तर अशा या बाईनं आमची पोरगी सुटली असं सांगितलं, तेव्हा साधनेच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी घासाघीस सुरू केली. मी म्हटलं, अजून एक वर्ष न्या. मावशी म्हणाली, "आता नेली तर तिला पांगळी करीन." मी म्हटलं, निदान दिवाळीपर्यंत. ती म्हणाली, "भाऊ, सुटलेली पोर मी परत धरत न्हाय." आणि जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी मी जे केलं ते लिहायला आजही लाज वाटते, पण त्याशिवाय मावशी पुरती कळायची नाही. मी साधनेला ऑफिसला जातो असं सांगून निघालो, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बिल्डिंगच्या कोपऱ्यावर दबा धरून बसलो. मुग्धा खाली आली, गेटमधून बाहेर पडली. मी मागे. ऊन चांगलं कडकडीत पडलं होतं आणि मी तोंड लपवायला काळी छत्री उघडली होती. ती थांबली की मी विजेच्या खांबाआड, ती चालली की मी चालू. आपण फार हुशार आहोत असं मला वाटत होतं. गिरणीपाशी पोचलो आणि मागून माझी कॉलर कुणीतरी धरली.

"ओ छत्रीवाले! किधर?"

अंगभर पीठ उडालेला यादव. समोरून टेप गळ्यात घातलेले रफिकभाई उतरून आले. इस्त्रीवालाही हातातलं काम टाकून आला.

"बच्ची के पीछे कब से चल रहे हो?" रफिकभाईंनी विचारलं. आवाज शांत होता, पण त्यांनी माझी छत्री काढून घेतली होती.

"मैं उसका बाप हूँ," मी म्हटलं.

"सब यही बोलते हैं," यादव म्हणाला आणि कॉलर आणखी आवळली.

एकानं मुग्धाला हाक मारून बोलावलं. ती परत आली. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बेटा, ये आदमी तेरा कौन है?"

मुग्धानं जरा विचार केला. "माझ्या बाबांसारखे दिसतात," ती म्हणाली, "पण बाबा ऑफिसला गेलेत."

त्यानंतर दोन-तीन मिनिटं माझी काय अवस्था झाली ते सांगत नाही. शेवटी ऑफिसचं ओळखपत्र दाखवलं, मुग्धानं "हो, हेच आहेत" अशी नाइलाजानं खात्री दिली आणि सुटका झाली. रफिकभाईंनी छत्री मिटून परत दिली, माझ्या कॉलरवरचं पीठ झटकलं, माफी मागितली. "साहब, आपको कभी देखा नहीं," ते म्हणाले. खरंच होतं. चार वर्षं मी त्या रस्त्यानं जात होतो. घरातून स्टेशन, स्टेशनातून घर. त्या पाच दुकानांतल्या एकाचंही नाव मला ठाऊक नव्हतं. माझ्या सात वर्षांच्या मुलीला मात्र पाचही माणसं नावानिशी ओळखत होती आणि तिच्यासाठी हातातलं काम टाकून रस्त्यावर येत होती. मी घाबरलो होतो, लाजलो होतो, पण तिथे उभ्याउभ्या मला त्या बाईबद्दल जे वाटलं त्याला आदर हा शब्द अपुरा आहे. कुणालाही न सांगता, हातात शिट्टी नाही की काठी नाही, तिनं बारा मिनिटांच्या रस्त्याला डोळे दिले होते.

बातमी अर्थात गावभर झाली. रविवारी मावशी घरी आली. मला वाटलं हसेल. हसली नाही.

"चला," म्हणाली.

"कुठे?"

"तुमची वळख द्यायची ऱ्हायलीय."

आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी गिरणीच्या फळीपुढे उभा राहून माझं नाव सांगितलं. मावशी बाजूला गप्प उभी. मुग्धा मला हात बाजूला ताठ धरायला सांगत होती.

मावशीला एक मुलगी होती, हिरा. खाडीपलीकडे नायगावच्या कोळीवाड्यात दिलेली. मावशी दर रविवारी दुपारी तिला भेटायला जायची. हिरा कधी आलेली आम्ही पाहिली नव्हती. साधनेनं एकदा विचारलं, "हिराताई इकडे का येत नाही हो?" मावशी नुसती म्हणाली, "ती सुटली न्हाय अजून." हिरा तेव्हा पस्तिशीला आली होती. आम्हाला ते बोलणं कळलं नाही. कळलं ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये.

पुढच्या वर्षी शाळा सुरू होताना मुलं पळवणाऱ्या टोळीची आवई उठली. कुणी म्हणे पांढरी गाडी, कुणी म्हणे बुरख्यातली माणसं. मीरा रोडचा एक मुलगा नाहीसा झाल्याचं सगळे सांगत होते. तो आपल्या आजीकडे सापडला, ते सांगायला मात्र कुणी फिरलं नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये मीटिंग भरली. मेहता आमचे सेक्रेटरी, माणूस चांगला, पण तोही दोन मुलांचा बाप. मुलांसाठी बंद गाडी लावायची आणि यापुढे कुठलंही मूल एकटं गेटबाहेर सोडायचं नाही, असा ठराव. चांगुमावशीलाही बोलावलं होतं, म्हणजे एका अर्थानं तिच्यावर खटलाच होता. खुर्ची दिली तरी ती बसली नाही.

मेहता म्हणाले, "मावशी, बुरा मत मानना. तुम मुलांना एकटं सोडती, कल कुछ हो गया तो? तुमको डर नहीं लगता?"

 मावशी बोलली. इतकं सलग बोलताना मी तिला तेवढं एकदाच ऐकलं.

"माझा पयला पोर खाडीत गेला. चार वर्सांचा व्हता. मंग हिरा झाली. हिराला मी पदरात बांधली. पान्याजवळ न्हाय, बाजारात न्हाय, खेळायला न्हाय. शाळेत मी न्यायची, मी आनायची. पाचवीनंतर ती शाळा पन बंद केली. लोकं म्हनायची, चांगुनानं पोर कशी सांभाळली बघा. मला बरं वाटायचं. लगीन करून नायगावला दिली. नवरा बोटीवर गेलेला, आठ-आठ दिस येत न्हाय. तिच्या पोराला ताप भरला. दवाखाना दोन गल्ल्या सोडून व्हता. पन हिरानं एकटीनं कधी दाराबाहेर पाऊल टाकलेलं न्हाय. कुठं वळायचं, कुनाला इचारायचं, काय बोलायचं, तिला काय ठावं? सकालपासून सांजपर्यंत पोराला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली. कोन तरी येईल आन आपल्याला नेईल म्हनून. पोर वाचला. कान गेले त्याचे. आता मी 'बाळा' म्हनून हाक मारते, तो बघत न्हाय."

ती थांबली. तिनं मेहतांकडे पाहिलं.

"येक खाडीनं नेला. दुसरीला मीच पांगळी केली. आता तुमी इचारता, डर लगता क्या."

एवढं बोलून ती गेटमधून निघून गेली.  मग मेहतांनी घसा खाकरून हळूच म्हटलं, "बात सही है. लेकिन जमाना खराब है." ठरावाला हात वर झाले. एकेक करत जवळजवळ सगळेच. श्रुतीच्या आईचाही. माझा हात वर गेला नाही आणि विरुद्ध बोलायला तोंडही उघडलं नाही. विरोधात एकटी साधना बोलली. "मुग्धा चालत जाईल," ती म्हणाली, "आमच्या जबाबदारीवर."

गाडी लागली. मावशीकडची नऊच्या नऊ मुलं एका आठवड्यात गेली. मला वाटलं, ती आता दुसऱ्या बिल्डिंगा धरेल, किंवा आपली रीत बदलेल. त्याऐवजी ती आमच्याकडे निरोप घ्यायला आली. नायगावला मुलीकडे राहायला चालली होती.

"कायमची?" साधनेनं विचारलं.

"एकच पोर ऱ्हायलीय माझी," ती म्हणाली. "तिच्यात वेळ जाईल. मोठी झालीय ना."

मुग्धा शाळेत चालत जात राहिली. पुढच्या जूनपर्यंत गाडीतली तीन मुलं उतरून तिच्याबरोबर चालू लागली. ते कुणामुळे, हे मीटिंगमध्ये कधी निघालं नाही.

त्यानंतर मावशीची आणि माझी भेट एकदाच झाली, तीन-एक वर्षांनी. रफिकभाईंनी दुकानातून हाक मारून सांगितलं, की चांगुमावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, स्टेशनच्या बाजूच्या दवाखान्यात ठेवलंय. मी संध्याकाळी ऑफिसातून येताना स्टेशनवर उतरून तसाच गेलो. दोन खाटांची खोली, दुसरी खाट रिकामी. मावशी उताणी पडलेली, एका डोळ्यावर पट्टी. दुसऱ्या डोळ्यानं तिला आधीपासूनच फारसं दिसत नव्हतं. अंबाड्यातलं फूल नव्हतं, त्यामुळे मला ती एकदम म्हातारी वाटली.

"कोन?"

"मुग्धाचे बाबा."

"बसा." मुग्धा कितवीत, साधना कशी, एवढं विचारून झालं. मग म्हणाली, "हिरा औषध आनायला गेलीय."

"कोणाबरोबर?"

"एकटी."

ती ज्या सुरात 'एकटी' म्हणाली, तो सूर मी विसरलेलो नाही. हिरा जन्मानं गोडदेवची खरी, पण भाईंदरच्या रस्त्यावर ती कधी एकटी चालली नव्हती. मावशीनं सांगितलं, नायगावात ती आता बाजारात जाते, दवाखान्यात जाते, पोराला घेऊन गाडीत बसते. इथे मात्र आजची पहिलीच वेळ.

"दुकान खालीच हाय ना, भाऊ?"

"हो, दवाखान्याच्या दारातच आहे."

"किती वाजले?"

मी सांगितलं.  थोड्या वेळानं पुन्हा, "किती वाजले?" पाच मिनिटं झाली होती. तिच्या हिशेबानं हिरा जाऊन पाऊण तास होऊन गेला होता. बाहेर रिक्षांचे हॉर्न चालले होते. प्रत्येक हॉर्नला तिच्या कपाळाची शीर हलत होती. मी उठलो.

"मी जरा खाली बघून येतो."

तिचा हात पांघरुणातून बाहेर आला आणि तिनं माझं मनगट धरलं. दिसत नसताना कसं नेमकं सापडलं कोण जाणे.

"बसा."

"अहो मावशी, नुसतं बघून येतो. तिला कळणारही नाही."

"बसा म्हनते ना."

मी बसलो. तिनं हात काढला नाही. हात बर्फासारखा गार होता. नखं माझ्या कातडीत रुतत होती. इतकी वर्षं मी समजत होतो, की या बाईला भीती ठाऊक नाही. पोरं नवघर रोड ओलांडायची आणि ती अलीकडे दगडासारखी उभी राहायची, तेव्हा मला वाटायचं, काय काळीज आहे! आणि आता कळत होतं, की तेव्हाही आत हेच चाललेलं असणार. रोज, प्रत्येक पोरामागे. मी आयुष्यभर भीतीची नोकरी केलेला माणूस. पण एवढी भीती मी कधी भोगली नव्हती, आणि ती पोटात घेऊन गप्प पडून राहणं मला सात जन्मांत जमलं नसतं. मला त्या खोलीत तिच्यापुढे फार लहान वाटलं.

जिन्यावर चपलांचा आवाज आला. दार ढकलून एक सावळी, हडकुळी बाई आत आली. घामाघूम, हातात प्लास्टिकची पिशवी.

"खाली न्हाय मिळालं," ती धापा टाकत म्हणाली. "मंग पुढं गेली, तिथं पन न्हाय. तिसऱ्यानं सांगितलं पुलापलीकडे जा. गेली. मिळालं."

"पैसे मोजून घेतलेस?" मावशीनं विचारलं. आवाज अगदी रोजचा.

"घेतले."

"बरं."

माझं मनगट सुटलं होतं. हिरानं औषध काढून ठेवलं, चिठ्ठीशी ताडून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. पट्टीसाठीचा कापूस आणायचा राहिला होता. ती मावशीकडे पाहत दारात घुटमळली.

"परत जाऊ?"

"जा," मावशी म्हणाली, आणि पांघरुणाखालून माझं मनगट पुन्हा धरलं.